स्पॅनिश भाषा, स्पेन आणि मूरांचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकायला घेतलेली मराठी मंडळी आज ना उद्या अलाम्ब्राच्या (ग्रानादातल्या मूर राजवाड्याच्या) फोटोपाशी येऊन थबकतात, आणि तिथून पुढचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. जिथे माझे मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावे.

"मूर" म्हणजे नेमके कोण?

ही एखादी जमात नव्हे. आजच्या मोरोक्को आणि अल्जीरियाच्या किनारपट्टीला रोमन लोक मॉरितानिया म्हणत. तिथल्या माणसांचे नाव पुढे ख्रिस्ती स्पेनने समुद्रापलीकडून आलेल्या सगळ्याच मुसलमानांना सरसकट चिकटवले. त्यांत अरब होते, त्याहून कितीतरी जास्त बर्बर होते (आता त्यांना अमाझिग म्हणतात), आणि काही पिढ्या गेल्यावर सर्वांत मोठी संख्या होती ती तिथल्याच, धर्म बदललेल्या लोकांची. कोर्दोबाचा पहिला खलिफा तिसरा अब्द अर-रहमान याची आजी पाम्प्लोनाच्या ख्रिस्ती राजघराण्यातली होती. त्यामुळे "अरबांनी स्पेनवर राज्य केले" हे वाक्य बोलायला सोपे असले तरी त्यातून फारसे काही कळत नाही.

ते लोक स्वतःच्या देशाला अल-अंदालुस म्हणत. आजच्या स्पॅनिशमध्ये त्या काळच्या माणसासाठी, इमारतीसाठी किंवा कवितेसाठी "आंदालुसी" हा शब्द वापरतात. आजच्या आंदालुसिया प्रांतातला माणूस मात्र "आंदालुस". या दोहोंची गल्लत करू नका. आणखी एक खबरदारी : "मोरो" हा शब्द आजच्या बोलण्यात मोरोक्कन माणसाला हिणवण्यासाठी वापरला जातो. इतिहासाच्या पुस्तकात तो ठीक आहे, बारमध्ये नाही.

आधी भाषा शिकावी की आधी इतिहास वाचावा?

दोन्ही एकदम. स्पेनच्या बाबतीत भाषा, संस्कृती आणि मूर इतिहास हे तीन वेगळे विषय धरले की तिन्ही अर्धवट राहतात. नुसती भाषा शिकणाऱ्याला गावांची नावे पाठ करावी लागतात. नुसता इतिहास वाचणाऱ्याच्या हाती इंग्रजीत लिहिलेले सारांश येतात, आणि ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या बाजूने झुकलेले असतात. भाषेचा पाया झाला, म्हणजे साधा भूतकाळ वाचता यायला लागला, की स्थानिक संग्रहालयांतल्या पाट्या वाचायला घ्या. वाक्ये छोटी, तारखा स्पष्ट, आणि वस्तू समोर. यापेक्षा चांगले पाठ्यपुस्तक मला तरी माहीत नाही.

मराठी माणसाला स्पॅनिश कितपत जड जाते?

इंग्रजीतून शिकणाऱ्यापेक्षा बरीच हलकी जाते, फक्त अट अशी की तुम्ही ती इंग्रजीतून शिकू नका. वर्गात बहुतेक ठिकाणी इंग्रजी हेच माध्यम असते, आणि मग जे मराठीत आयते आहे तेच अवघड होऊन बसते.

उदाहरण घ्या. "मे गुस्ता एल काफे" म्हणजे "मला कॉफी आवडते". "मे गुस्तान लोस मांगोस" म्हणजे "मला आंबे आवडतात". आवडणारा माणूस "मला"मध्ये, आणि क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाप्रमाणे. इंग्रजी बोलणारे विद्यार्थी यावर आठवडे घालवतात. मराठी माणसाने मनातल्या मनात मराठीच बोलावे. पेला फुटला तर स्पॅनिश माणूस "से मे कायो एल बासो" म्हणतो, म्हणजे "माझ्या हातून पेला पडला". दोष कोणाकडेच नाही, आपल्यासारखेच. आणि ज्या क्रियारूपाची सगळ्यांना धास्ती असते, ते इच्छा, विनंती, शंका यांसाठी येणारे रूप? "क्येरो के बेंगास" हे "तू यावंस असं मला वाटतं" मधल्या "यावंस"च्या अगदी जवळचे आहे. प्रत्येक ठिकाणी जुळेल असे नाही, पण पहिली भीती तरी जाते.

उच्चारांतही आपला फायदा आहे. स्पॅनिश त आणि द दातांना जीभ लावून म्हणायचे, इंग्रजीसारखे ट-ड नव्हेत. प, त, क यांच्यात हकार मिसळायचा नाही. हे इंग्रज माणसाला शिकवावे लागते, आपल्याला नाही. अडचण येते ती थरथरत्या "र्र"मध्ये : "पेरो" म्हणजे पण, "पेर्रो" म्हणजे कुत्रा. ब आणि व यांत तिथे फरक करत नाहीत, हेही कानाला पटायला वेळ लागतो.

खरा घाम काढते ते एकच : आपल्या एका "आहे"साठी तिथे दोन क्रियापदे आहेत, "सेर" आणि "एस्तार". "एस आबुर्रीदो" म्हटले तर माणूस कंटाळवाणा आहे, "एस्ता आबुर्रीदो" म्हटले तर बिचारा कंटाळला आहे. नियमांचे तक्ते पाठ करण्यापेक्षा अशा जोड्या जमवत गेलेले बरे. लिंगे दोनच, नपुंसकलिंग नाही, हा दिलासा. पण "हात" तिथे स्त्रीलिंगी आणि "प्रॉब्लेम" पुल्लिंगी, हे मात्र घोकावेच लागते.

स्पेनची स्पॅनिश शिकावी की लॅटिन अमेरिकेची?

मूर इतिहासासाठी शिकत असाल तर स्पेनची. पण कान आंदालुसियाच्या बोलीला सरावलेले हवेत, आणि ती माद्रिदच्या बातम्यांसारखी नसते. शब्दाच्या शेवटचा "स" तिथे ह होतो किंवा गळूनच जातो : "लोस आमीगोस"चे "लोह आमीगोह". पहिल्या आठवड्यात वाटते की आपण वेगळीच भाषा शिकून आलो. गंमत अशी की सतराव्या शतकापर्यंत अमेरिकेला जाणारी जहाजे सेवियाहून सुटत आणि त्यांत आंदालुसियाची माणसे भरपूर असत. त्यामुळे कॅरिबियन बेटांचे स्पॅनिश ऐकलेल्याला ग्रानादा त्यामानाने सोपे जाते.

शिकावे कुठे, आणि परीक्षा द्यावी का?

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, स्पॅनिश शिकवतात. दिल्लीत स्पेन सरकारचे इन्स्तितुतो सेर्वान्तेस २००९पासून आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर "डेले" ही परीक्षा. ती ए१ ते सी२ अशा पायऱ्यांनी होते आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. निव्वळ हौस असेल तर परीक्षेच्या मागे लागू नका. बी१च्या तयारीचा सराव मात्र करा, कारण त्यात लिहायला लावतात आणि स्वतःहून कोणी लिहीत नाही.

स्पेनमध्ये जाऊन शिकणार असाल तर सालामान्का (विद्यापीठ १२१८चे) आणि ग्रानादा (१५३१चे) ही दोन नेहमीची ठाणी. सालामान्काचे उच्चार स्वच्छ, ग्रानादाच्या भिंती बोलक्या. मी ग्रानादा म्हणेन. तिथे दीर्घकाळ राहणाऱ्यांनी "एस्क्वेला ओफिसियाल दे इदियोमास" या सरकारी भाषाशाळांचीही चौकशी करावी. खासगी वर्गांपेक्षा त्या खूप स्वस्त पडतात, पण प्रवेशाच्या तारखा ठरलेल्या असतात.

सगळा इतिहास थोडक्यात सांगता येईल?

थोडक्यात सांगतो, पण मग त्यावर समाधान मानू नका.

७११ साली तारिक इब्न झियाद मुख्यतः बर्बर सैन्य घेऊन जिब्राल्टरला उतरला (ते नावच "जबल तारिक", तारिकचा डोंगर) आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक) राजा रोद्रिगोचा पराभव झाला. काही वर्षांत जवळजवळ सगळे द्वीपकल्प हाती आले, उत्तरेचा डोंगराळ पट्टा सोडून. ७५०मध्ये दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्या घराण्याची सत्ता गेली आणि त्यांची कत्तल झाली. त्यातून निसटलेला एक राजपुत्र, पहिला अब्द अर-रहमान, ७५६मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. त्यानेच तिथल्या मोठ्या मशिदीचा पाया घातला. ९२९मध्ये तिसऱ्या अब्द अर-रहमानने स्वतःला खलिफा म्हणवून घेतले आणि पुढे शहराबाहेर मदीनत अझ-झहरा हे राजनगर उभारायला घेतले. ते शतकभरही टिकले नाही. आपसातल्या यादवीत लुटले गेले आणि १०३१मध्ये खिलाफतच संपली.

त्यानंतरचा काळ मला सर्वांत रंजक वाटतो आणि पुस्तके त्यावरून नेमकी घाईने पुढे जातात. देशाचे तुकडे होऊन "ताइफा" नावाची लहान-लहान राज्ये झाली : सेविया, सारागोसा, तोलेदो, ग्रानादा, बादाहोस. कवी, ज्योतिषी, संगीतकार यांना प्रत्येक दरबारात मागणी, आणि प्रत्येक दरबार शेजाऱ्याच्या भीतीने उत्तरेच्या ख्रिस्ती राजांना खंडणी भरणारा. स्पेनचा राष्ट्रीय वीर म्हणून गाजलेला एल सीद याच काळातला. उत्तरेतल्या कास्तिये या ख्रिस्ती राज्याच्या राजाने हद्दपार केल्यावर त्याने सारागोसाच्या मुसलमान राजाकडे काही वर्षे चाकरी केली. खुद्द "सीद" हा शब्दही अरबी "सय्यद"चाच भाऊ.

१०८५ला तोलेदो पडले. घाबरलेल्या ताइफांनी आफ्रिकेतून अल्मोराविद या बर्बर राजवटीला बोलावले, त्यांनी ख्रिस्ती सैन्याला अडवले आणि मग ताइफाही गिळले. त्यांच्यामागून अल्मोहाद ही दुसरी बर्बर राजवट आली. १२१२च्या नावास दे तोलोसाच्या लढाईत ख्रिस्ती राजांनी तिचा कणा मोडला. १२३६ला कोर्दोबा, १२३८ला वालेन्सिया, १२४८ला सेविया गेले. उरले एकटे ग्रानादा. नस्री घराण्याने ते कधी खंडणी भरून, कधी लढून अडीचशे वर्षे टिकवले. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान बोआब्दिल याने ख्रिस्ती राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या हाती किल्ल्या दिल्या.

बहुतेक गोष्टी इथेच संपवतात. पण खरा प्रश्न इथून सुरू होतो. नोव्हेंबर १४९१च्या तहात मुसलमानांना धर्म, कायदे, मालमत्ता सारे राखण्याचे वचन होते. दहा वर्षांत ते मोडले. आधी सक्तीचा बाप्तिस्मा, मग अरबी भाषेवर आणि पोशाखावर बंदी. १५६८ ते १५७१ आल्पुहारास डोंगरांत मोठे बंड झाले, ते चिरडल्यावर लोकांना कास्तियेभर विखुरले. शेवटी १६०९ ते १६१४ या काळात या बाटलेल्यांना, म्हणजे मोरिस्कोंना, सुमारे तीन लाख माणसांना, देशाबाहेर काढले. त्यांतल्या पुष्कळांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषाच येत नव्हती. ट्युनिशियातले तेस्तूर हे त्यांनी वसवलेले गाव आजही पाहता येते.

तीन धर्म तिथे गुण्यागोविंदाने नांदत होते, हे खरे का?

काही ठिकाणी, काही काळ, काही लोकांपुरते. खिलाफतीच्या काळात यहुदी हस्दाई इब्न शप्रूत खलिफाचा वैद्य आणि परराष्ट्र व्यवहार पाहणारा माणूस होता. तोलेदोत बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्दसारखे अनुवादक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणत होते, आणि या कामात यहुदी आणि अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती पंडितांचा हात होता. हे सगळे खरे. आणि १०६६ साली ग्रानादात यहुद्यांची कत्तल झाली, अल्मोहादांच्या काळात कोर्दोबाचा थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिदेस याच्या कुटुंबाला शहर सोडावे लागले, हेही खरे. मुसलमान राज्यात यहुदी-ख्रिस्ती संरक्षित होते, पण जिझिया भरणारे आणि दुय्यम. नंतर ख्रिस्ती राज्यात "मुदेहार" मुसलमान तसेच राहिले.

विसाव्या शतकात आमेरिको कास्त्रो आणि क्लाउदियो सांचेस-आल्बोर्नोस या दोन इतिहासकारांचा यावर मोठा वाद गाजला. तीन धर्मांच्या सहवासातून स्पॅनिश माणूस घडला असे पहिल्याचे म्हणणे, तर तो त्याआधीपासून होताच असे दुसऱ्याचे. गंमत म्हणजे दोघेही हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीमुळे देशाबाहेर होते.

मग "रेकोंकिस्ता" म्हणजे आठशे वर्षांचा मुक्तिसंग्राम?

हा शब्द (अर्थ "पुन्हा जिंकून घेणे") त्या काळच्या लोकांचा नाही. तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकात, स्पेनला राष्ट्र म्हणून स्वतःची कथा हवी होती तेव्हा. राज्य परत घेण्याची भाषा मध्ययुगात होती, युद्धेही खरी होती. पण आठशे वर्षे सलग एकच मोहीम चालली असे नाही. मध्ये दशकेच्या दशके तह, लग्ने, व्यापार, आणि ख्रिस्ती राजाविरुद्ध ख्रिस्ती राजा.

इथे मराठी वाचकांना एक गोष्ट स्पष्टच सांगतो. या विषयावर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात अर्धा वेळ स्पेनचा उल्लेख फक्त इथले भांडण लढवायला असतो. एक बाजू कोर्दोबाचे गोडवे गाते, दुसरी १४९२ची उदाहरणे देते, आणि दोघांनाही ताइफा, मुदेहार, मोरिस्को हे शब्द नको असतात, कारण त्यांनी गोष्ट बिघडते. स्पेनला स्पेनसारखे वाचा. तुलना करायचीच असेल तर निदान आधी वाचून झाल्यावर करा.

स्पॅनिशमध्ये अरबी शब्द किती? मराठीशी त्यांचे नाते लागते का?

गावांची नावे आणि साधित शब्द धरून चार हजारांच्या आसपास असे सर्वसाधारणपणे सांगतात. शेती, पाणी, बांधकाम, कारभार, स्वयंपाकघर या क्षेत्रांत ते दाट आहेत. ओळखायचे कसे? सुरुवातीला "आल" किंवा "आ" दिसले की संशय घ्यायचा. मराठीत फारसीमार्गे आलेले अरबी शब्द भरपूर असल्याने काही ठिकाणी ओळख पटते : तिथला नगराध्यक्ष "आल्काल्दे" म्हणजे आपला काझी, जकातनाका "आद्वाना" म्हणजे दिवाण, आणि "फुलानो" म्हणजे चक्क फलाणा. गोव्याच्या पोर्तुगिजांमार्फत आलेले पगार, चावी हे शब्दही स्पॅनिशमधल्या भावंडांपर्यंत नेतात. मात्र अशा जोड्या शोधण्याचे व्यसन लागते. महिनाभर हौस करा, मग वाक्ये शिका.

अरबी शिकणे गरजेचे आहे का?

हौशी वाचकाला नाही. पण लिपी ओळखण्यापुरती शिकलात तर अलाम्ब्राच्या भिंतींवर शेकडो वेळा येणारे "अल्लाखेरीज विजेता कोणी नाही" हे नस्री घराण्याचे ब्रीद स्वतः शोधता येते. मोरिस्को तर स्पॅनिश भाषाच अरबी लिपीत लिहीत. त्याला आल्हामियादो म्हणतात. १८८४ साली आरागोनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावात एक जुने घर पाडताना अशी हस्तलिखिते लपवून ठेवलेली सापडली. अशा कागदांसाठी मात्र दोन्ही हव्यात, जुनी स्पॅनिश आणि अरबी अक्षरे.

जायचे झाले तर नेमके काय बघावे?

ग्रानादा, कोर्दोबा, सेविया हे त्रिकूट सगळेच करतात, आणि करावे. फक्त क्रम माझ्या मते काळाप्रमाणे ठेवा : आधी कोर्दोबा, मग सेविया, शेवटी ग्रानादा.

कोर्दोबाच्या मशिदीत साडेआठशेच्या आसपास खांब आहेत. त्यांतले कितीतरी जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचललेले, म्हणून उंची जुळवायला कमानीवर कमान. मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेले कॅथेड्रल आहे. काहींना त्याचा राग येतो. मला वाटते त्यामुळेच बाकीची इमारत पाडली गेली नाही. मदीनत अझ-झहरा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. तिथले संग्रहालय आधी, अवशेष नंतर.

सेवियाचा आल्कासार पाहताना पुष्कळ जण हा मुसलमान सुलतानाचा महाल समजतात. तुम्हाला जे दिसते त्याचा गाभा कास्तियेच्या ख्रिस्ती राजा पेद्रोने १३६०च्या दशकात बांधला आहे. दर्शनी भागावर अरबी अक्षरांत नस्री घराण्याचेच ब्रीद आहे, आणि आत "सुलतान दोन पेद्रो"ची स्तुतीही अरबीत. या शैलीला मुदेहार म्हणतात. ती नीट पाहिली की "मूर गेले आणि स्पॅनिश आले" हे चित्र पुसले जाते. शेजारच्या कॅथेड्रलमध्ये सेविया जिंकणाऱ्या तिसऱ्या फेर्नांदोची समाधी आहे. तिच्यावरचा लेख लॅटिन, कास्तियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत आहे. जिंकणाऱ्याच्या थडग्यावर हरलेल्यांची भाषा का, यावर दिवसभर बोलता येईल.

अलाम्ब्राचा उच्चार करताना एच मुका ठेवा, आणि तिकीट खूप आधी काढा. नस्री महालांची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. पासपोर्ट जवळ हवा. खाली शहरात उतरल्यावर अकराव्या शतकातले बान्युएलो हे हमाम आणि व्यापाऱ्यांची जुनी सराई कोर्राल देल कार्बोन ही दोन ठिकाणे चुकवू नका. गर्दी नसते.

याखेरीज तोलेदोची ९९९ सालची छोटी मशीद (आता क्रिस्तो दे ला लूस), सारागोसाचा ताइफा काळातला आल्हाफेरिया महाल आणि तेरुएलचे मुदेहार मनोरे. वालेन्सियात गुरुवारी असाल तर दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी जा. तिथे शेतकऱ्यांनी निवडलेले पंच पाटपाण्याचे तंटे तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात. कालव्यांचे हे जाळे आणि हा रिवाज अंदालुसी काळापासूनचा मानतात.

या साऱ्याचा भारताशी काही खरा संबंध आहे?

आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतले गणित बगदादमध्ये अरबीत गेले, त्यावर अल-ख्वारिझ्मीने कोष्टके रचली, आणि दहाव्या शतकात मस्लमा अल-मजरीती या माद्रिदमध्ये जन्मलेल्या ज्योतिर्विदाने ती कोर्दोबासाठी जुळवून घेतली. लॅटिन युरोपातले भारतीय अंक सर्वांत आधी दिसतात ते ९७६ सालच्या एका हस्तलिखितात, उत्तर स्पेनच्या आल्बेल्दा मठातल्या. तिथे नऊच अंक आहेत, शून्य नाही. लिहिणाऱ्या साधूने हिंदी लोकांच्या सूक्ष्म बुद्धीचे कौतुकही केले आहे. पुढे १०६८मध्ये तोलेदोचा काझी साइद अल-अंदालुसी याने ज्ञानात पुढे गेलेल्या राष्ट्रांची यादी केली आणि पहिला मान हिंदला दिला. त्याने भारत कधी पाहिला नव्हता.

दुसरा धागा थेट आपल्या दारात येतो. १४९२मध्ये यहुद्यांना स्पेन सोडायचा हुकूम झाला तेव्हा एक कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालला गेले. त्या घरचा मुलगा गार्सिया द ओर्ता सालामान्का आणि आल्काला इथे वैद्यक शिकला, १५३४मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करी, आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. इथल्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. तो वरवर ख्रिस्ती होता. मेल्यानंतर, १५८०मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) छुपा यहुदी ठरवून त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आजही आहेत ते फ्रान्सिस झेवियर हेही स्पेनच्या नावार्राचेच. एकाच द्वीपकल्पातून निघालेली ही दोन माणसे आणि त्यांच्या अस्थींचे दोन शेवट.

फ्लामेंको भारतातून गेले, हे खरे का?

माणसे गेली, नाच नाही. स्पेनच्या खितानो लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून निघालेले रोमा. त्यांची रोमानी भाषा भारतीय-आर्य कुळातली, आणि खितानोंच्या "कालो" बोलीत पाण्याला आजही "पान्यी" म्हणतात. आरागोनच्या राजाने त्यांना दिलेला प्रवासाचा परवाना १४२५चा आहे. फ्लामेंको मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आंदालुसियातच आकाराला आले, खितानो आणि स्थानिक गाणे-बजावणे मिसळून. कथकच्या तत्कारावरून थेट वंशावळ काढणारे व्हिडिओ मजेदार असतात, तेवढेच.

शाकाहारी माणसाचे काय?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खावे लागेल. "मांस नको" म्हटले तर टूना मासा घालून आणतात, कारण मासा म्हणजे मांस नव्हे अशी तिथली समजूत. डुकराच्या मांसाचे तुकडे तर भाजीतही निघतात. हामोन (डुकराच्या मांडीचे खारवलेले मांस), मासे आणि अंडे ही तिन्ही नावे घेऊन नको म्हणा. सेवियाची पालक आणि काबुली चण्यांची भाजी जिऱ्याच्या फोडणीची आठवण करून देते. कोर्दोबाचे सालमोरेखो (टोमॅटो, पाव, तेल, लसूण) वरचे अंडे-हामोन वगळून मागा. आणि तळलेल्या वांग्यावर उसाचा "मध" घालून देतात तो पदार्थ सोडू नका, तो मध म्हणजे काकवी. ऊस, तांदूळ, वांगे यांची लागवड तिथे अंदालुसी काळात रुजली. ग्रानादात पेयाबरोबर छोटी बशी फुकट येते, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

जेवणाच्या वेळा दुपारी अडीच आणि रात्री साडेनऊ. सात वाजता जेवायला गेलात तर स्वयंपाकघर बंद असते.

लोकांशी बोलताना काय सांभाळावे?

दुकानात शिरताना "ओला" म्हणा, नाहीतर उद्धट वाटता. थोरामोठ्यांना एकेरीत हाक मारायला आपली जीभ वळत नाही, पण स्पेनमध्ये "तू" सर्रास चालते. "उस्तेद" म्हातारी माणसे आणि सरकारी कचेऱ्या यांच्यापुरते राखा.

इतिहासावर बोलायचे तर ऐका जास्त. दरवर्षी २ जानेवारीला ग्रानादात शहर घेतल्याचा सोहळा होतो आणि त्याच चौकात विरोधाच्या घोषणाही होतात. एप्रिलमध्ये आल्कोयला "मूर आणि ख्रिस्ती" अशी लुटुपुटूची लढाई असते. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मूरांच्या पथकात अभिमानाने नाव नोंदवतात, आणि त्यांचे पोशाख ख्रिस्त्यांपेक्षा भपकेदार असतात.

व्हिसा आणि नागरिकत्वाचे नियम?

९० दिवसांपर्यंत शेंगेन व्हिसा, त्याहून लांबच्या अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसा. नागरिकत्वासाठी साधारणपणे दहा वर्षे कायदेशीर वास्तव्य, डेले ए२ आणि सामान्यज्ञानाची एक परीक्षा लागते. जुन्या वसाहतींच्या नागरिकांना दोनच वर्षे पुरतात. १४९२मध्ये हाकललेल्या सेफार्दी यहुद्यांच्या वंशजांसाठी २०१५मध्ये खास कायदा झाला होता, त्याचे अर्ज २०१९ला बंद झाले. मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसे काही झालेले नाही, आणि ही तक्रार मोरोक्कोत अधूनमधून ऐकू येते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा स्पॅनिश पासपोर्ट घेतला तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो.